चौदा–तेरावरचा चेंडू

या सभेचे सन्माननीय अध्यक्ष आणि या महाविद्यालयाच्या संचालक मंडळाचे प्रमुख. व्यासपीठावरचे प्राचार्य आणि उपप्राचार्य महोदय. स्पर्धा समितीचे सचिव, जे मघापासून माझ्याकडे न पाहता छताच्या पंख्याकडे पाहत आहेत. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या क्रीडाशिक्षिका, म्हणजे आम्हा खालच्या कॉलेजवाल्यांच्या चुनेवाल्या बाई. समोर बसलेले प्राध्यापक, कर्मचारी, पालक, जुने खेळाडू. आणि एवढ्या खुर्च्या रिकाम्या असताना खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या दोन्ही कॉलेजांच्या पोरींनो, तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मी खालच्या कॉलेजची. चढाच्या पायथ्याशी आमचं कॉलेज, माथ्यावर तुमचं, म्हणून तुम्ही वरचे आणि आम्ही खालचे. यात कमीपणा काही नाही, फक्त चढताना दम लागतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मी काचेच्या नळ्या धुतल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आम्लाने ओढण्या-सलवारी जाळून घेणाऱ्या मुलींना रागावले. त्या मला लॅबमावशी म्हणतात. उरलेला सगळा जीव व्हॉलीबॉलमध्ये. स्वतः कधी खेळले नाही, उंची पाहताच आहात. आत्ता हा माईक खाली करायला दोन माणसं लागली.

निमंत्रणात लिहिलंय, 'प्रतिस्पर्धी महाविद्यालयाच्या ज्येष्ठ चाहत्या आपल्या आठवणी सांगतील.' सांगते. त्या गोड असतील असं मात्र त्यात लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचून पाहिलं.

माझ्याआधी जे तीन वक्ते बोलले त्यांनी सांगितलं की बाई निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना प्रकृतीच्या कारणास्तव जात आहेत. अध्यक्ष महाशय, मी आज सकाळी साडेसातला चढ चढून वर आले. धापा टाकत होते. आणि तुमच्या या आजारी बाई मैदानावर कमरेत वाकून चुन्याची रेघ मारत होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. मला पाहून म्हणाल्या, "अहो लॅबताई, रेघेवर पाय नको, ओली आहे." ही प्रकृती! अहो, कशाला? इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की बाई एका गुणामुळे जात आहेत. यंदाच्या अंतिम सामन्यातला शेवटचा गुण. त्यांच्या संघातल्या मुलीने आपणहून हात वर केला, चषक आमच्याकडे आला, आणि संचालक मंडळाच्या बैठकीत ठरलं की अठ्ठावीस वर्षं बाईंनी शिकवलं तेच चुकीचं. मी आज त्या एका गुणाबद्दल बोलायला आले आहे. पण आधीचं थोडं ऐकून घ्यावं लागेल. त्याशिवाय पुढचं तुम्हाला नीट कळणार नाही.

खरं सांगू? मला तुमच्या संघाची शिसारी यायची. हो, शिसारी. राग नव्हे, राग मला दुसऱ्या कॉलेजांचाही यायचा. ते आरडाओरडा करायचे, पंचांशी भांडायचे, आमच्या मुलींना नको ते बोलायचे. मीही प्रेक्षकांतून चार शब्द ऐकवायचे आणि घरी जाऊन छान जेवायचे. पण तुमच्या मुली! पांढरे मोजे सारख्या उंचीवर ओढलेले. सामना हरल्या तरी ओळीने येऊन हात मिळवणार. आणि एकदा तर काय केलं ठाऊक आहे? आमच्याकडे खेळायला आल्या, आम्हाला तीन सेटमध्ये धुतलं, आणि जाताना ज्या खोलीत कपडे बदलले ती खोली झाडून गेल्या. झाडून! आमच्याच कॉलेजची खोली, आमचाच झाडू. शिपाई माझ्याकडे धावत आला, "लॅबमावशी, बघा तरी, कोपऱ्यातलं जाळंसुद्धा काढलंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हरवायचं तर हरवा, वर झाडलोट कसली करता? म्हणजे आम्ही घाणेरडे, असंच ना?

दुसऱ्या वर्षी आमच्या एका मुलीच्या बुटाचा तळवा निघाला. तुमच्या राखीव मुलीने बाकावर बसून आपला बूट काढला आणि दिला. मी ओरडले, "घेऊ नकोस गं!" तिने घेतला. एका पायात निळा, एका पायात पांढरा. आम्ही तो सामना जिंकलो तरी माझ्या तोंडाची चव गेली. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग काय बिघडलं? चांगल्या आहेत पोरी." मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. चांगल्या आहेत हेच तर मला सहन होत नव्हतं. समोरचा वाईट असला की आपल्याला किती बरं असतं, तुम्ही कधी विचार केलाय का?

आणि सगळ्यात जास्त डोक्यात जायची ती हात वर करायची सवय. खेळ न कळणाऱ्या पालकांसाठी दोन वाक्यं सांगते. समोरच्या संघाने चेंडू मारला आणि तो रेघेबाहेर पडला, तर मारणाऱ्यांचा गुण जातो. पण बाहेर जाताना तो जाळीवर उडी मारलेल्या मुलीच्या बोटाला नुसता चाटून जरी गेला, तरी गुण मारणाऱ्यांचा. त्याला टच म्हणतात. आता हे बोटाला चाटणं पंचाला दिसतंच असं नाही. ज्या बोटाला लागलं तिलाच कळतं. साऱ्या दुनियेत अशा वेळी खेळाडू काय करतात? आकाशाकडे बघतात. बुटाची नाडी बांधतात. आमच्या मुलींच्या नाड्या अशा वेळी हमखास सुटायच्या. आणि वरच्या कॉलेजची मुलगी? शिट्टी वाजायच्या आधी उजवा हात वर. माझ्या बोटाला लागला, गुण त्यांचा.

बाईंनी हे शिकवलं. एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं, "बाई, हे नाटक कशासाठी? तुम्हाला काय मिळतं यातून?" त्या गुडघ्यावर बसून चुना चाळत होत्या. म्हणाल्या, "काही नाही हो. पोरी पुढच्या चेंडूला मोकळ्या होतात. मनात ठेवलं की पाय जड होतात." मी परत येताना सगळ्यांना ही नक्कल करून दाखवली, पाय जड होतात म्हणे! सगळे खूप हसले. मी नकला चांगल्या करते.

आता खुर्चीचं सांगते. आपल्या या स्पर्धेत पंच एकच असतो आणि रेषेवर बसायला माणसं मिळत नाहीत. म्हणून कुणीतरी फार वर्षांपूर्वी ठरवून ठेवलंय की दोन्ही कॉलेजांनी आपला एकेक जुना माणूस रेषापंच म्हणून द्यायचा, आणि त्याने बसायचं प्रतिस्पर्ध्यांच्या मागे. संघांनी बाजू बदलली की त्यानेही आपली खुर्ची आणि लाल झेंडा उचलून त्यांच्या मागोमाग जायचं. चेंडू बाहेर गेला तर झेंडा वर. टच असेल तर झेंडा वर आणि त्याच्या टोकावर दुसऱ्या हाताचा पंजा. बस. म्हणजे तुमच्या मुलींच्या पाठीमागे, त्यांचा घाम दिसेल इतक्या जवळ, आमचं माणूस. हे ज्याने ठरवलं त्याचा माणसांवर भलताच भरवसा असणार.

माझ्याआधी त्या खुर्चीवर आमचे ग्रंथपाल काका बसायचे. बारीक, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. एका सामन्यात, मी तेव्हा प्रेक्षकांत होते, तुमच्या मुलीने हात वर केला. गुण आम्हाला मिळणार म्हणून आम्ही उड्या मारायला लागलो. आणि काकांनी नुसता झेंडा वर केला, पंजा ठेवलाच नाही. पंचाने विचारलं, "ती स्वतः टच म्हणतेय ना?" काका म्हणाले, "म्हणू दे. लागलेला नाही. तिला भास झाला." गुण तुम्हाला. सामना तुम्हाला. मी धावत जाऊन काकांना विचारलं, "काका, तुम्ही आमचे की त्यांचे?" ते शांतपणे झेंडा गुंडाळत म्हणाले, "बये, मी बाहेर पडलेल्या चेंडूचा." मला तेव्हा काकांचीही किळस आली. म्हटलं, हे पण वाहवत गेले, त्या झाडलोट करणाऱ्यांच्या संगतीत.

निवृत्त होताना काकांनी झेंडा माझ्या हातात दिला. कारण सामने न चुकवणारी मीच होते. म्हणाले, "एक ध्यानात ठेव. त्या पोरी घाईघाईत चुकीचाही हात वर करतात. खरेपणाची सवय अंगवळणी पडली की असं होतं. त्यांनी हात वर केला की आपलं काम संपलं असं समजू नकोस. तिथून सुरू होतं."

एकोणीस वर्षं मी ते काम केलं. आणि अध्यक्ष महाशय, घड्याळ पाहू नका, मला दिसतंय. फार वेळ घेत नाही. एकोणीस वर्षं मी नीट केलं, हे मी आज माझ्या तोंडाने सांगू शकते. त्या काळात तुमच्या मुलींनी सहा वेळा चुकीचा हात वर केला. सहाही वेळा मी पंजा न ठेवता नुसता झेंडा वर केला. आमची माणसं मला वाट्टेल ते बोलली. शिपाई दोन आठवडे मला चहा आणून देत नव्हता. पण तुमच्या मुली मागे वळून "थँक यू, लॅबमावशी" म्हणायच्या, आणि मी तोंड वाकडं करून म्हणायचे, "पुढे बघ, सर्व्हिस येतेय." मला त्यांची शिसारी यायची बंद झाली होती का? नाही. पण हळूहळू ती शिसारी त्यांच्यात नाही, माझ्यातच बसते हे कळायला लागलं होतं.

आता यंदाचा सामना.

अकरा वर्षं चषक वर होता. यंदा आमची कप्तान कोण, तर माझी सख्खी भाची. माझ्या बहिणीची मुलगी. मीच तिला लहानपणी अंगणात दोरी बांधून उड्या मारायला शिकवलं. तिचं शेवटचं वर्ष. सामन्याच्या आधी बहीण म्हणाली, "ताई, तू तिथे बसणार ना? मग काळजी नाही." मी म्हटलं, "म्हणजे काय? मी तुमच्यासाठी बसत नाही तिथे." ऐटीत म्हटलं. तेव्हाच कुणाला तरी झेंडा देऊन मी प्रेक्षकांत जायला हवं होतं. भाची खेळत असताना मावशीने रेषेवर बसू नये, हे कळायला काय मोठी अक्कल लागते? पण एकोणीस वर्षांचा मान. माझ्याशिवाय ती खुर्ची शोभेल कशी!

दोन-दोन सेट झाले. पाचवा सेट. चौदा–तेरा, आम्ही पुढे. एक गुण आणि चषक. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन माझ्या पाठीवर, समोर सगळं स्वच्छ दिसत होतं. भाचीला चेंडू मिळाला. तुमच्या दोघी जाळीवर उडाल्या. त्यांतली एक, जिला सगळे शिडी म्हणतात. भाचीने सगळा जीव एकवटून मारला, आणि चेंडू त्या दोघींच्या हातांवरून गेला. वरून. चांगला चार बोटं वरून. मधलं आभाळ मला दिसलं. तो माझ्या खुर्चीच्या डाव्या पायापाशी आपटला, रेघेच्या हातभर बाहेर. चुन्याचा कणसुद्धा उडाला नाही. माझा झेंडा निम्मा वर गेला होता.

आणि शिडीने हात वर केला.

काय झालं होतं ते मी पाहिलं होतं. उडी मारताना शेजारणीचा हात तिच्या हातावर आपटला. तिला वाटलं चेंडूच. असली चूक दुसऱ्या कुठल्या कॉलेजच्या मुलीने केली असती का हो? चौदा–तेराला? जो गुन्हा केलाच नाही तो कबूल करायची घाई! ही चूक फक्त बाईंच्याच मुली करू शकतात. आणि ती सावरायला तिथे एक खुर्ची ठेवलेली असते.

पंचाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मोठ्याने विचारलं, "लॅबताई, टच?"

मी जाळीतून भाचीकडे पाहिलं. ती दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती.

मी झेंड्याच्या टोकावर पंजा ठेवला. म्हटलं, "टच."

सभागृहात आत्ता जी कुजबुज चालली आहे ती चालू द्या, मला त्रास नाही. उपप्राचार्य महोदय, तुम्ही मघाशी म्हणालात की त्या दिवशी बाईंच्या भोळेपणाने घात केला. नाही हो. घात करणारी तुमच्यासमोर माईक धरून उभी आहे. तो गुण तुमचा होता. चौदा–चौदा झाले असते. पुढे कदाचित आम्ही जिंकलोही असतो, मुली चांगल्या खेळत होत्या आमच्या. मी त्यांचाही जिंकायचा हक्क खाल्ला.

सगळे नाचले. मला उचललं. कुणीतरी माझ्या डोक्यावर फुलं टाकली, ती केसांत अडकली, आणि मी ती काढत असताना बाई आल्या. घामाघूम, हाताला चुना. मला वाटलं, आता विचारतील. विचारावं, असं फार वाटलं. विचारलं असतं तर तिथेच कोसळले असते मी. त्या म्हणाल्या, "अभिनंदन, लॅबताई. मला बाकावरून पाहताना चेंडू हातांच्या वरून गेल्यासारखा वाटला होता. पण तुम्ही दिलात ना टच? मग लागला असणारच." आणि मागे वळून रडणाऱ्या शिडीला म्हणाल्या, "ऐकलंस ना? लॅबमावशींनीही पाहिलंय. तू बरोबरच केलंस. पूस डोळे."

मी घरी जाऊन उलटी केली. हे सभेत बोलायचं नसतं, माहीत आहे. पण काय करू, दुसरा शब्द नाही त्याला. आरशात माझं तोंड बघवेना. प्रयोगशाळेत हात धुवायला लागले की थांबताच येत नाही, विद्यार्थिनी विचारतात, "लॅबमावशी, काय सांडलं का हातावर?" आमच्या प्राचार्यांच्या दाराबाहेर काचेच्या कपाटात तो चषक ठेवलाय. रोज त्याच्यासमोरून जावं लागतं. शिपाई त्याला रोज फडक्याने पुसतो, आणि मी दिसले की जरा जास्तच पुसतो.

मी भाचीला सांगितलं. म्हटलं, निदान हिला कळू दे. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "मावशी, मला माहीत होतं. हातातून सुटतानाच कळलं होतं की बाहेर जाणार." मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" तर म्हणते, "तू बोलली नाहीस, मी कशाला बोलू?" हिला उड्या मारायला मी शिकवलं होतं, आता हेही मीच शिकवलं.

मग ऐकलं की बाईंना बैठकीला बोलावलं. ऐकलं की त्यांनी राजीनामा लिहून दिला. आणि आज सकाळी तुमच्या व्यायामशाळेत जाऊन पाहिलं तर भिंतीवर नवा फलक. लाल अक्षरांत, 'शिट्टी वाजेपर्यंत हात खाली.' खाली नव्या प्रशिक्षकांची सही. अध्यक्ष महाशय, तो फलक तुम्ही लावलात, पण त्याच्या खाली खरी सही माझी हवी. माझ्या एका शब्दावर तुम्ही तो रंगवलात. आमच्या कॉलेजात असा फलक लागला असता तर मी समजू शकले असते. आमच्या नाड्या पूर्वीपासून सुटतात. पण वरच्या कॉलेजात? आणि त्याच भिंतीसमोरच्या या सभागृहात तुम्ही मघापासून खिलाडूवृत्ती, खिलाडूवृत्ती करत आहात! बाईंना पुष्पगुच्छ देताय, आणि त्यांनी आयुष्यभर जे केलं त्यावर लाल रंग फासताय. आणि मला पाहुणी म्हणून बोलावलंय, पहिल्या रांगेत बसवलंय, गार पाणी दिलंय. किळस यावी तर कुणाकुणाची यावी? मी माझ्यापासून सुरुवात केली आहे, तुम्ही तुमचं बघा.

सकाळी बाईंनी मला आपल्या खोलीत नेऊन चहा दिला. मी सांगायलाच आले होते. कप रिकामा झाला तरी तोंड उघडलं नाही. त्या म्हणाल्या, "निमंत्रितांत तुमचं नाव मीच घालायला लावलं. आमच्यात तुमच्याइतकं जवळून कुणी आमचा खेळ पाहिला नाही." मी कप विसळून ठेवला आणि पळून आले. तिथून खाली उतरून स्पर्धा समितीच्या कचेरीत गेले आणि लेखी दिलं, सही करून. सचिव महोदय, तुमच्या खिशात ते पत्र आहे, त्या चेंडूबद्दल त्यात जे लिहिलं तेच मी इथे बोलले, एक शब्द जास्त नाही. मला तोंडी सांगण्यात आलं की गुणपत्रकावर सह्या झाल्यात, निकाल बदलत नाही. ठीक आहे. झेंडा मी तिथेच टेबलावर ठेवून आले. चषक आमच्या कपाटातच राहणार. म्हणजे माझ्या हातात आता काही उरलेलं नाही, फक्त हे बोलणं.

खिडकीपाशी निळं जाकीट घालून उभी आहेस ना तू? हो, तूच, शिडी. इकडे बघ. मला कळलं तू त्या दिवसापासून कोर्टवर उतरली नाहीस. बाईंनी शिकवलं ते करूनही सगळं गेलं, बाईही गेल्या, आणि माझ्यामुळे गेल्या, असं तू म्हणतेस म्हणे. ते तुझ्यामुळे नाही गं. तुझी चूक झाली ती एवढीशी, आणि ती भरून काढायचं काम माझं होतं.

काय म्हणालीस? मोठ्याने बोल, ऐकू येत नाही.

नाही. लागला नव्हता. चार बोटं वर होता.

हो, पक्कं सांगते. नव्हता लागला.

रडू नकोस. नाही, रड. मला काय अधिकार आहे तुला सांगायचा?

बाई, तुम्ही का उठलात? बसा ना, माझं संपतच आलंय. तुम्हाला मी सकाळीच सांगायला हवं होतं, एकटीला, चहा पिताना, माहीत आहे मला. चारचौघांत ऐकवलं. हाही भ्याडपणाच माझा. बाई... बरोबर. माझ्याकडे नाही येत आहात तुम्ही. जपून, ती पायरी हलते. जरा वाट द्या हो त्यांना, खुर्च्या सरकवा. त्यांना खिडकीपाशी जायचंय, त्यांच्या मुलीकडे.

मी आवरते. अध्यक्ष महाशयांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्यांचे आभार. माझ्या आठवणी ऐकायला ज्यांनी बोलावलं त्यांचे आभार. बोलताना शब्द वेडावाकडा गेला असेल, कुणाचं मन दुखलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर वयाकडे पाहून पोटात घाला. त्या चेंडूची माफी मात्र मी या सभागृहाकडे मागत नाही. ती तुमच्याकडे नाहीच. ज्या दोघींकडे आहे त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या आहेत, आणि त्यांनी घाई करू नये.

एकच विनंती. मी खाली उतरेन तेव्हा कृपा करून टाळ्या वाजवू नका. त्या दिवशी मी 'टच' म्हटल्यावर, हरूनही, तुम्ही वाजवल्या होत्यात.